कडेचे तीन इंच

जून महिन्यातला दुसरा सोमवार, संध्याकाळचे सव्वासहा. रक्कम अकरा हजार पाचशे, रोख. हजर माणसं चार: फी घेणारा कारकून, मी, माझी बायको आणि खिडकीजवळ भिंतीला टेकून उभा असलेला एक साठीचा गृहस्थ. तो तिथे कशासाठी उभा होता ते कोणी सांगितलं नाही. कारकुनाने पावती फाडली. मी ती दोनदा वाचून घडी घालणार, तेवढ्यात त्या गृहस्थाने ती माझ्या हातातून घेतली, डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि म्हणाला, "बघा. ट्रस्टचं नाव, संस्थापकाचं नाव, संस्थापकाच्या वडिलांचं नाव, नोंदणी क्रमांक, बोधवाक्य. आणि ज्याने पैसे दिले त्याला जागा किती? बोटभर."

पावती माझ्या हातात ठेवून तो जिन्याने वर निघून गेला.

"कोण हो हे?" बायकोने विचारलं.

"तेच शिकवणार आहेत यांना," कारकून म्हणाला, आणि का कोण जाणे, पैसे चटकन ड्रॉवरमध्ये टाकून त्याने किल्ली फिरवली.

परळच्या त्या ट्रस्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ ग्राफिक डिझाइन आणि डिजिटल मीडियाचा कोर्स चाले. जून ते मार्च, एकशे वीस वर्ग. बाकीची मुलं एकोणीस-वीस वर्षांची, मी सत्तेचाळीसचा. हौस म्हणून मी तिथे गेलो नव्हतो. गिरगावातल्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं कागद मोजतोय, अंदाजपत्रकं आणि बिलं करतोय. त्या वर्षी आमच्या शेठनी बिलांसाठी सॉफ्टवेअर आणलं आणि मला समोर बसवून सांगितलं, "बिलाला आता माणूस लागणार नाही. कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावणारा माणूस लागेल. शिकून या. मार्चअखेर सर्टिफिकेट दाखवा, नाहीतर मला बाहेरून कोणीतरी घ्यावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटून घेण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगी बारावीला होती आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं.

तर अशा गरजेने गेलेल्या माणसाला सरांनी काय शिकवलं? पहिले अकरा दिवस कॉम्प्युटर बंद. आम्ही प्रत्येकाने आपापल्या बंद पडद्यासमोर बसायचं आणि बघायचं. "काय दिसतंय?" सर विचारत. कोणी म्हणे, काही नाही. "बरोबर. हे काही नाही नीट बघून घ्या. उद्यापासून तुम्ही ते नासवणार आहात." मी घरी येऊन भागाकार केला. एका वर्गाला पंचाण्णव रुपये त्र्याऐंशी पैसे. अकरा दिवस काळी काच बघण्याचे एक हजार चोपन्न रुपये झाले होते.

सरांच्या शर्टाला खिसा नसे. म्हणजे मुळात असे, ते शिंप्याकडून उसवून घेत. शर्ट जुने, उन्हाने विटलेले, आणि छातीवर डाव्या बाजूला खिशाच्या आकाराचा एक चौकोन तेवढा मूळ रंगाचा. खिसा असला की माणूस त्यात काहीतरी कोंबतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतः मात्र पेन मोज्यात, बसचं तिकीट घड्याळाच्या पट्ट्याखाली आणि पैसे चष्म्याच्या डबीत ठेवत. चहावाल्याला पैसे द्यायचे झाले की आधी चष्मा काढून डोळ्यांवर चढवायचा, मग त्याच्याखालच्या नोटा काढायच्या. खिशाने हे काम दोन सेकंदांत झालं असतं, हे मी एकदा त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "तुम्ही भरगच्च आहात."

तेव्हापासून वर्गात माझं नाव भरगच्च. हजेरीतही तेच. "भरगच्च आलेत का?" आणि वीस वर्षांची पोरं खाली मान घालून हसत.

त्यांचं सगळं शिकवणं दोन शब्दांत मावत असे: जागा सोडा. विवाह, बारसं, क्लासेसची जाहिरात, वडापावच्या गाडीचा फलक, काहीही करून दाखवा, ते मागून येत, लाकडी फूटपट्टी पडद्यावर टेकवत आणि म्हणत, "जागा सोडा. अक्षरांना घाम फुटलाय. श्वास घेऊ द्या." किती सोडा? ते सांगायचे नाहीत. कुठे सोडा? तेही नाही. पट्टी हातात असून त्या माणसाने तिने कधी काही मोजलेलं मी पाहिलं नव्हतं. माऊस त्यांनी हातात धरला नाही. प्रत्यक्ष कामाची हत्यारं आम्हाला लॅबच्या मॅडमनी शेवटच्या वीस-वीस मिनिटांत शिकवली, आणि उरलेली मी रात्री मोबाइलवर बघून वहीत उतरवून घेतली.

मी डिलाईल रोडला चाळीत राहतो. खोली दहा बाय सोळा, माणसं चार. तिथे सोळा वर्षांपूर्वी आलेली शिलाई मशीन अजून टेबल, इस्त्रीची जागा आणि मुलीचं अभ्यासाचं डेस्क अशा तीन नोकऱ्या करते. बायकोला मी सरांचं तत्त्वज्ञान सांगितलं तेव्हा ती पोटमाळ्यावरून डबा काढत होती. वरूनच म्हणाली, "त्यांना म्हणावं, आमच्याकडे या आणि सोडून दाखवा."

दादरला त्यांनी आमची जी शोभा केली तीही सांगितली पाहिजे. एका शनिवारी सगळ्या वर्गाला घेऊन ते पुलाजवळच्या चौकात गेले. होर्डिंग बघायची होती. दागिने, बिल्डर, शाळा, साबण, सगळ्यांवरून त्यांनी नजरही फिरवली नाही. एका रिकाम्या लोखंडी सांगाड्यासमोर थांबले. त्याच्यावर जाहिरात लागायची होती, नुसता पांढरा कापडी पडदा होता. "हे या रस्त्यावरचं सर्वांत चांगलं काम," ते म्हणाले आणि उभे राहिले. आम्ही सोळा जणही माना वर करून उभे राहिलो. फुलवाल्या बायका वर बघू लागल्या, मग गिऱ्हाइकं, मग रिकामटेकडे. शेवटी वाहतुकीचा हवालदार आला.

"काय आहे वर?"

"काही नाही," सर म्हणाले.

"मग बघताय काय?"

"तेच."

हवालदार मला वयाने मोठा समजून माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही तरी नीट सांगा. कोणी चढलंय का वर?" मी त्याला कोर्सची पावती दाखवली. दुसरं दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आता मूळ प्रकरण. कोर्सच्या शेवटी चाळीस मार्कांचं प्रात्यक्षिक होतं. खरं गिऱ्हाईक शोधायचं, खरं काम करायचं, ते जिथे लागणार तिथे सर येऊन बघणार. पास व्हायला सोळा मार्क हवेत. आमच्या चाळीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा जानेवारीत असते, तिच्या फाटकावरच्या फ्लेक्सचं काम मी घेतलं. आकार वीस फूट बाय दहा फूट. खालच्या बाजूला मंडळाच्या वीस कार्यकर्त्यांचे फोटो. क्रम बैठकीत दोन तास भांडून ठरलेला, डाव्या टोकाला खजिनदार, उजव्या टोकाला उपाध्यक्ष.

वीस फूट, वीस माणसं. माणशी एक फूट. इतका सरळ भागाकार आयुष्यात क्वचित मिळतो. प्रत्येक चेहरा बारा इंच भरून घेतला, कोणाला सूतभर कमी नाही, जास्त नाही. फोटोंखाली तीन इंचांची पट्टी, तिच्यात वीस नावं. वर गणपती, सत्यनारायण, दोन समया, कमळं, फटाक्यांची रोषणाई, पाण्याचं कारंजं. लालबागच्या फ्लेक्सवाल्याने फाइल उघडून विचारलं, "काका, एकदम कडेपर्यंत घेतलंय. असंच छापू ना?" मी म्हणालो, "असंच. मंडळाचे पैसे आहेत, एक इंच वाया जाता कामा नये." दोनशे चौरस फूट, चौदा रुपयांनी अठ्ठावीसशे.

ज्याने फ्लेक्स लावला आहे त्याला पुढचं कळलं असेल. फ्लेक्स लाकडी चौकटीवर ताणतात, कडा मागे दुमडतात आणि खिळे मारतात. प्रत्येक बाजूला तीन इंच चौकट खाते. छापखान्यात बावीस वर्षं काढून मला हे माहीत नव्हतं, कारण कागदाला चौकट नसते. पूजेच्या आदल्या दिवशी फ्लेक्स फाटकावर चढला तेव्हा डावीकडे खजिनदारांचा एक कान आणि अर्धा डोळा मागे गेला होता, उजवीकडे उपाध्यक्षांच्या गालात खिळा होता, आणि खालची नावांची पट्टी अख्खी दुमडली गेली होती. वीस चेहरे होते, नाव एकाचंही नव्हतं.

खजिनदार दोरीला धरून खाली उभे. "माझो कान खंय गेलो रे?" ते ओरडले. "पाच हजार वर्गणी दिलंय मी. पुऱ्या कानाची!"

कोणीतरी म्हणालं, "काका, मागच्या बाजूने बघा, तिकडे असेल."

नेमके त्याच वेळी सर आले. शिडी मागितली, चार पायऱ्या चढले, आणि मी प्रथमच पाहिलं, त्यांनी फूटपट्टीने मोजलं. खाली उतरून म्हणाले, "खालची बाजू मोकळी झाली. बरं झालं."

"हो म्हातारो कोण?" खजिनदारांनी मला विचारलं.

सरांनी मोज्यातून पेन काढलं आणि माझ्या वहीत बारा मार्क लिहिले. मी विचारलं, बारा कशाचे? "चार बाजू, प्रत्येकी तीन इंच. तेवढीच जागा सुटली आहे. ती खिळेवाल्याने सोडली, पण तुमच्या नावावर धरतो." मी म्हणालो, मी नापास होतोय, माझी नोकरी यावर आहे. ते म्हणाले, "मार्चपर्यंत वेळ आहे. दुसरा करा." आणि पूजेचा प्रसादही न घेता चालते झाले.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो, गिरगावात. चौथा मजला, दार उघडंच. माझ्या मनात होतं, या माणसाच्या खोलीत एक चटई आणि एक माठ असेल. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. शब्दशः नव्हती. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, हँडबिलं, साड्यांची खोकी, निवडणुकांची पत्रकं, गुंडाळलेले फ्लेक्स, जमिनीपासून आढ्यापर्यंत थर. मधून एक वाट पलंगापर्यंत, आणि पलंगावरही पायाच्या बाजूला गठ्ठे, म्हणजे हा गृहस्थ गुडघे पोटाशी घेऊन झोपत असणार. जन्मभर लोकांना जागा सोडा म्हणणाऱ्या माणसाने स्वतःला सोडलेली जागा अडीच फूट बाय चार फूट होती. मी नजरेने मोजली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पुरावे."

"कशाचे?"

"गर्दीचे. नाहीतर उद्या कोणी मान्य करणार नाही, आपण असं करत होतो म्हणून."

बसायला काही नव्हतं, म्हणून आमचं बोलणं जिन्याच्या पायरीवर झालं. मी मुद्द्यावर आलो. दुसरा फ्लेक्स मला स्वतःच्या पैशाने छापावा लागणार होता. चूक माझी होती हे मी नाकारलं नाही. पण सात महिने हा माणूस जागा सोडा, श्वास घेऊ द्या म्हणत होता आणि एकदाही, एकदाही त्याने तीन इंच हा आकडा उच्चारला नव्हता. सांगितला असता तर मी लिहून घेतला असता. म्हणून अठ्ठावीसशेतले निम्मे, चौदाशे, त्यांच्याकडे निघतात, असं मी स्पष्ट सांगितलं.

"आकडा सांगितला असता तर तुम्ही तीनच इंच सोडले असते," सर म्हणाले.

"तीनच पुरले असते."

"कान वाचला असता. फ्लेक्स नाही."

पैसे दिले नाहीत. चहाही विचारला नाही, पण तो कुठे केला असता हा प्रश्नच होता.

दुसरा फ्लेक्स फेब्रुवारीतल्या हळदीकुंकवाच्या समारंभासाठी करायचा ठरला. मंडळाची अट एकच: वीसच्या वीस चेहरे, अख्खे. मी चार रात्री कागदावर आकडे मांडले. चेहरे लहान केले की कारंजं मोठं दिसे, कारंजं लहान केलं की कमळं अंगावर येत. पाचव्या दिवशी बायकोच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती, अकरा जण. मी दारात उभं राहून विचार करत होतो की अकरांना बसवायचं कसं. बायको म्हणाली, "बसवायचं नंतर बघू. आधी खाट गॅलरीत काढा." खाट काढली, मशीन काढली, दोन पिंपं शेजाऱ्यांकडे गेली. अकरा माणसं मांडी घालून बसली आणि वाढायला मधून वाट राहिली. चाळीत प्रत्येक बाई हे करते. सरांना सात महिन्यांत जे समजावता आलं नाही ते त्या खाटेने दहा मिनिटांत समजावलं, आणि खाटेने फी घेतली नाही.

त्या संध्याकाळी मी आधी कारंजं काढलं. मग रोषणाई, मग कमळं, मग एक समई. चेहरे दहा-दहा इंचांचे केले, दोनशे इंच झाले, दोन्ही बाजूंना वीस-वीस इंच कोरे राहिले. नावं फोटोंच्या वर घेतली. फ्लेक्सवाला म्हणाला, "काका, कडेला काहीतरी टाका ना, मोकळं दिसतंय." मी म्हणालो, "राहू दे." हे शब्द माझ्या तोंडून निघाले याचा मला त्याच वेळी राग आला.

सर येऊन बघून गेले, म्हणजे जाण्याआधी आमच्या खोलीत चहाला आले. बायकोने खाटेची गोष्ट त्यांना सांगून टाकली, मी खुणावत असतानासुद्धा. त्यांनी कप हातात धरून खोलीभर सावकाश पाहिलं. मांडणी, मशीन, पोटमाळा, खाटेखालचे डबे. "इथे एक वस्तू जास्त नाही," ते म्हणाले. चाळीस वर्षांत कोणी आमच्या खोलीबद्दल चांगलं बोललं नव्हतं. बायको तेव्हापासून त्यांच्या बाजूची झाली ती झालीच. वहीत त्यांनी सतरा लिहिले. "सोळा तुमचे," मला म्हणाले. "एक यांचा." म्हणजे माझ्या वाट्याला काठावर पास येणंच आलं.

मार्चच्या सत्तावीस तारखेला मी शेठसमोर सर्टिफिकेट ठेवलं. नोकरी राहिली. आता मीच पत्रिका लावतो. गिऱ्हाईक म्हणतं, अजून चार नावं घाला; मी सांगतो, कडेला अर्धा इंच सोडावा लागेल, फ्लेक्स असेल तर तीन. आकडा सांगतो. श्वासबीस काही बोलत नाही.

दोन वर्षांनी सर आमच्या छापखान्यात आले. शर्ट तोच, चौकोन तोच. त्यांची इमारत पाडायला घेतली होती, माटुंग्याला भाड्याच्या खोलीत जायचं होतं. पत्ता बदलल्याची शंभर कार्डं हवी होती. मोठं जाड कार्ड, आणि उजव्या कोपऱ्यात तळाला बारीक अक्षरांत तीन ओळींचा पत्ता. बाकी सगळं कोरं. चार दिवसांनी ते छापलेली कार्डं न्यायला आले.

"आणि ते पुरावे?" मी विचारलं.

"रद्दीवाल्याने नेले. किलोला बारा रुपये." मग म्हणाले, "आता बसायला जागा आहे. या कधीतरी. मिसेसना घेऊन."

मी बिल केलं. अकराशे पन्नास. त्यांनी ते हातभर लांब धरून वाचलं. "इतके? शाई कितीशी लागली? तीन ओळी. बाकी जागा मी रिकामी ठेवली आहे."

"कागद तर पूर्णच जातो ना, सर."

"म्हणजे रिकाम्या जागेला किंमत असते, हे तुम्हाला मान्य आहे."

"आहे. तीच मागतोय."

ते हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही, कारण ते शिकवल्यासारखं होतं. मग त्यांनी चष्म्याची डबी उघडली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खालच्या नोटा मोजल्या. नऊशे होते. डबी उलटी करून टेबलावर आपटून दाखवली. आणखी काही पडलं नाही. आमच्या शेठचा नियम असा की दराच्या खाली जो सूट देईल त्याच्या पगारातून ती कापायची. मी कार्डांचं पुडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वरचं एक कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेले.

तर हिशेब असा. अकरा हजार पाचशे ट्रस्टला, अठ्ठावीसशे फ्लेक्सवाल्याला. सरांकडून मागितलेले चौदाशे आजपर्यंत आले नाहीत. आणि त्या दिवशी दुपारी दोनशे पन्नास, रोख, माझ्याकडून शेठच्या गल्ल्यात. आमच्याकडे गल्ल्यात पैसे टाकले की वहीत रकमेसमोर तपशील लिहावा लागतो. मी रक्कम लिहिली, तारीख लिहिली, सही केली. तपशिलाचा रकाना कोरा सोडला.